डोंगार, हाटील आणि दोन टी-शर्ट

जुलै २०२२ मध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने मी एकाच वाक्याचे दोन टी-शर्ट विकत घेतले. पहिला एका संकेतस्थळावरून मागवला, त्याचे ३९९ रुपये पडले. दुसरा पंढरपूरच्या बसस्थानकाबाहेरील हातगाडीवरून घासाघीस करून दोनशेचे दीडशे देऊन घेतला. पहिल्याचे कापड उत्तम आहे आणि तो मी घरात झोपताना घालतो. दुसऱ्याचे कापड सुमार आहे आणि तो मात्र मी बाहेर जाताना घालतो. हा उलटा व्यवहार का, याचे उत्तर छापलेल्या अक्षरांत आहे, म्हणून कापडाचे परीक्षण करताना मला त्या वाक्याचेही करावे लागणार आहे.

आधी पहिल्याविषयी. हा टी-शर्ट काळा, गोल गळ्याचा आणि अर्ध्या बाह्यांचा आहे. आतील पट्टीवर शंभर टक्के सुती, १८० जीएसएम असे छापलेले आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. १८० चे कापड पावसाळ्यात दोरीवर दोन दिवस लोंबकळत राहते, पण अंगावर चापून बसते आणि उजेडात आरपार दिसत नाही. खांद्याच्या शिवणीवर आतून फीत लावलेली असल्याने खांदे उतरलेले नाहीत. गळ्याची पट्टी इतक्या वर्षांनंतरही लोंबलेली नाही, आणि या किमतीच्या टी-शर्टमध्ये हे क्वचितच घडते. पहिल्या दोन धुण्यांत काळा रंग पाण्यात उतरला, त्यानंतर नाही. मापात मात्र फसगत आहे. तक्त्यात एल मापाची छाती ४२ इंच दाखवली आहे, ती मी टेपने मोजली तेव्हा साडेचाळीस भरली, तेव्हा घेणाऱ्याने एक माप वरचे मागवावे. छपाई जाळीतून शाई गाळून केलेली, म्हणजे जुन्या पद्धतीची स्क्रीन प्रिंट आहे. अक्षरांच्या कडा स्वच्छ आहेत आणि बोट फिरवले तर शाईचा हलका थर जाणवतो.

या स्वच्छ, पांढऱ्या, टिकाऊ अक्षरांत छातीवर लिहिले आहे: “काय झाडी, काय डोंगर, काय हॉटेल! एकदम ओके!”

ज्यांनी मूळ वाक्य ऐकले आहे त्यांना घोटाळा कळला असेल. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी तो जून पुन्हा सांगतो. २० जून २०२२ रोजी विधान परिषदेची निवडणूक झाली आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे शिवसेनेच्या काही आमदारांसह सुरतेला गेले. दोन दिवसांत हा मुक्काम आसामातील गुवाहाटीच्या एका पंचतारांकित हॉटेलात हलला. तिथल्या आमदारांत सांगोल्याचे शहाजीबापू पाटील होते. गावाकडच्या एका कार्यकर्त्याशी त्यांचे फोनवर बोलणे झाले, ते ध्वनिमुद्रित झाले आणि बाहेर आले. त्या संभाषणात राजकारणही होते, पण लोकांनी त्यातून उचलले ते मुक्कामाचे वर्णन: “काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, एकदम ओक्केमध्ये.” पुढच्या आठवड्यात, २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि ३० जूनला शिंदे यांचा शपथविधी झाला. एवढी मोठी उलथापालथ एका बाजूला चालू असताना महाराष्ट्राच्या तोंडी मात्र डोंगार आणि हाटील होते. त्यावर गाणी निघाली, लग्नाच्या चित्रफितींना ते लावले गेले, सहलीच्या प्रत्येक छायाचित्राखाली तेच लिहिले जाऊ लागले आणि जुलै उजाडेपर्यंत ते टी-शर्टवर आले होते.

वाक्य इतके का चालले, याचा विचार मी तेव्हाही केला होता. पहिले कारण भूगोलाचे असावे. सांगोला हा माणदेशातला, पर्जन्यछायेतला तालुका आहे. तिथले डाळिंब नावाजलेले आहे, पण ते पाण्याच्या हिशोबाने वाढवलेले असते. तिथला माणूस ऐन पावसात गुवाहाटीला पोहोचला, खिडकीतून हिरव्यागार टेकड्या दिसल्या, आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द ‘झाडी’ निघाला, यात मला काहीच ओढूनताणून वाटत नाही. दुसरे कारण त्याच्या चढत्या, किंवा खरे तर उतरत्या, क्रमाचे. झाडीवरून डोंगर, डोंगरावरून थेट हॉटेल. निसर्गाच्या वर्णनात हॉटेलाला झाडाच्या पंगतीला बसवणारे मराठीतले दुसरे वाक्य मला माहीत नाही. आणि ‘काय’ या शब्दाची आपल्याकडे अशी गंमत आहे की तो प्रश्नही विचारतो आणि अचंबाही दाखवतो, निव्वळ सुरावर. लिहिलेल्या अवस्थेत तो सूर हरवतो, म्हणून छापणाऱ्याला उद्गारचिन्ह ठोकावेसे वाटते. येथे एक नोंद करणे भाग आहे. त्याच जून महिन्यात आसामात मोठा पूर आला होता, सिलचर शहर पाण्याखाली होते आणि लाखो लोक घरांबाहेर पडले होते. हे आठवले की वाक्यातली मौज थोडी कमी होते, आणि ती कमी व्हायलाही हवी.

पण वाक्याचे खरे बळ उच्चारात आहे, आणि टी-शर्टवाल्याने घाव घातला तो नेमका तिथेच. ‘डोंगार’ ही ‘डोंगर’ लिहिताना झालेली चूक नाही. आमच्या सोलापूरकडच्या बोलण्यात नांगर ‘नांगार’ होतो आणि वावर ‘वावार’ होते. अशा शब्दांत शेवटच्या र च्या आधीचा स्वर लांबतो. ‘हाटील’चेही तसेच. इंग्रजीतून आलेल्या ज्या स्वरासाठी आपण अक्षराच्या डोक्यावर चंद्र काढतो, तो स्वर खेड्यातल्या तोंडात सरळ ‘आ’ होतो. म्हणून डॉक्टर ‘डाक्टर’ होतो, कॉलेज ‘कालेज’ होते आणि ऑफिसला तर पुढे हकार चिकटून ‘हापिस’ होते. ‘हॉटेल’ म्हटले की स्वागतकक्षात उभा असलेला, नाव विचारणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘हाटील’ म्हटले की काचेच्या बरणीतली खारी आणि कपातून बशीत ओतलेला चहा दिसतो. गुवाहाटीच्या पंचतारांकित इमारतीला ‘हाटील’ म्हणणे, हा त्या वाक्याचा सगळा विनोद होता. तो काढून टाकल्यावर छातीवर जे उरते ते एखाद्या पर्यटन कंपनीच्या पत्रकातले वाक्य वाटते.

तिसरी दुरुस्ती मला सर्वांत जास्त खटकली. मूळ वाक्यात ‘ओक्केमध्ये’ आहे. मराठीत माणूस बरा आहे हे सांगताना आपण त्याला एखाद्या जागेत बसवतो: तो मजेत असतो, सुखात असतो, आनंदात असतो, थाटात राहतो. ‘ओक्केमध्ये’ हे त्याच घडणीचे आहे. इंग्रजीतून आलेल्या शब्दाला मराठीने आपला प्रत्यय लावून त्याची एक खोली केली आणि तिच्यात माणसाला नेऊन बसवले. बापूंनी हा प्रयोग शोधून काढला असे नव्हे. आमच्या मामांच्या गावी, मंगळवेढ्याजवळ, पोरे गाडीविषयी “ओक्केमध्ये पळतीय” असे त्याआधीही म्हणत असत. बापूंनी तो राज्यभर नेला. टी-शर्टवाल्याने ‘मध्ये’ तर कापलेच, वर ‘क्क’चा एक क काढून घेतला. ‘ओके’ आणि ‘ओक्के’ यांत तोच फरक आहे जो ‘बरं’ आणि ‘ब्येस’ यांत आहे.

मी तक्रार केली. माल परत करण्याच्या पानावर कारणांची यादी होती, त्यात माप चुकणे होते, रंग वेगळा निघणे होते, फाटका माल होता आणि मन बदलणेही होते. मजकूर शुद्ध करून पाठवणे नव्हते. ‘इतर’ हा पर्याय निवडून मी सविस्तर लिहिले की तुम्ही छापलेले शब्द मूळ बोलण्याशी जुळत नाहीत, तरी पैसे परत करावेत किंवा टी-शर्ट बदलून द्यावा. चौथ्या दिवशी उत्तर आले. आपल्या तक्रारीनुसार मजकूर पुन्हा तपासण्यात आला असून त्यात शुद्धलेखनाची कोणतीही चूक आढळलेली नाही, शिवाय वस्तू संकेतस्थळावरील चित्राप्रमाणेच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही विधाने खरी असल्याने मला पुढे बोलायला जागा राहिली नाही. संदेशाखाली तक्रार बंद करण्यासाठी एकच बटण होते, त्यावर ‘ओके’ असे लिहिले होते. सेवेला दोष द्यावा तर तो उद्धटपणाचा नाही. उत्तर वेळेत आले, नम्र होते आणि पूर्ण मराठीत होते. अलीकडे एवढेही मिळत नाही.

शुद्धलेखनाचाच आधार घ्यायचा असेल तर तो माझ्याही बाजूने निघतो. मराठी साहित्य महामंडळाने ठरवलेले लेखननियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर घालून ते अठरा झाले. त्यांत असे सांगितलेले आहे की केशवसुतपूर्व पद्याचे आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीच्या गद्याचे उतारे मुळाप्रमाणे छापावेत. शहाजीबापू केशवसुतांपूर्वीचे नव्हेत, हे मला मान्य आहे. तरी ज्याचे शब्द त्याच्याच रूपात छापावेत हे तत्त्व एखाद्या टी-शर्टला लागू करायला कोणाची हरकत नसावी.

दुरुस्त केलेल्या शब्दांपैकी ‘ओके’चा स्वतःचा जन्मच मुळात चुकीच्या स्पेलिंगमधून झालेला आहे, ही या प्रकरणातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. १८३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बोस्टनमध्ये वर्तमानपत्रवाल्यांना एक खूळ लागले होते. रोजच्या शब्दांची मुद्दाम अडाणी स्पेलिंगे करायची आणि मग त्यांची आद्याक्षरे छापायची. ‘ऑल करेक्ट’, म्हणजे सगळे बरोबर, हे शब्द ओ आणि के या अक्षरांनी सुरू होतात अशी बतावणी करून २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ओ. के.’ छापले गेले. सगळे बरोबर आहे हे सांगणारा शब्दच चूक लिहायचा, असा तो विनोद होता. त्याच्या बरोबरीने निघालेली असली इतर आद्याक्षरे वर्ष-दोन वर्षांत विरून गेली. ‘ओके’ला राजकारणाने वाचवले. १८४० मध्ये मार्टिन व्हॅन ब्युरेन दुसऱ्यांदा अध्यक्षपदासाठी उभे होते. त्यांचे गाव न्यूयॉर्क राज्यातले किंडरहूक, त्यावरून त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणत, आणि त्याची आद्याक्षरे नेमकी तीच. समर्थकांनी ओके क्लब काढले. विरोधकांनी त्याच अक्षरांचे आपल्याला हवे तसे अर्थ लावून टिंगल केली. शिवाय अशी कंडी पिकवली की माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनाच स्पेलिंग येत नसे आणि ते कागदपत्रांवर असे लिहीत. व्हॅन ब्युरेन पडले, शब्द राहिला. तारायंत्र आल्यावर निरोप पोहोचल्याची खूण म्हणून तो तारबाबूंच्या हातात गेला आणि तिथून जगभर. पुढे त्याचा उगम लोक विसरले, कुणी तो चोक्टॉ या मूळ अमेरिकी भाषेतला ठरवला, आणि अध्यक्ष वुड्रो विल्सन तर त्या समजुतीने स्पेलिंगही वेगळे करीत. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक ॲलन वॉकर रीड यांनी १९६३-६४ मध्ये जुनी वर्तमानपत्रे चाळून बोस्टनचा धागा पक्का केला, तोवर सव्वाशे वर्षे उलटली होती.

आमच्या वाक्याच्या वाट्याला निवडणूक आली नाही, पण विरोधक आले. ऑगस्ट २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी घोषणा दिली: “पन्नास खोके, एकदम ओक्के!” बापूंच्या वाक्याचे शेपूट कापून त्याला मुंबईच्या बोलीतले डोके जोडले होते. मुंबईत पैशांच्या गुप्त भाषेत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. बंडखोरीसाठी प्रत्येकी पन्नास कोटी घेतल्याचा तो आरोप होता आणि शिंदे गटाने तो फेटाळला. भाषेच्या दृष्टीने पाहता, सांगोल्याचे कौतुकाचे शब्द दोन महिन्यांत टोमण्याचे झाले. कौतुक करणारेही तेच शब्द वापरत होते आणि टोचणारेही. यमकाच्या सोयीसाठी पुष्कळांनी घोषणेत ‘ओके’ असेच म्हटले, कारण ‘खोके’शी ते तंतोतंत जुळते. एवढ्यापुरता टी-शर्टवाल्याला एक गुण द्यायला मी तयार आहे.

त्यानंतर असा टी-शर्ट घालून बाहेर पडणे म्हणजे न विचारता मत सांगणे झाले. पुण्याहून सोलापूरला जाताना समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी दौंडपर्यंत माझ्या छातीकडे पाहिले आणि मग विचारले, “तुम्ही कौतुकवाले की खोकेवाले?” मी म्हटले, मी डोंगारवाला. त्यांनी वर्तमानपत्र उघडले.

तो डोंगार असलेला टी-शर्ट म्हणजे पंढरपूरचा. त्याच्याविषयी थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. रंग हळदी पिवळा. कापडात सूत किती आणि कृत्रिम धागा किती हे कुठेही लिहिलेले नाही. घाम आला की कळते. उजवी बाही डावीपेक्षा अर्धा इंच लांब आहे. अक्षरे शाईची नसून गरम दाबाने चिकटवलेल्या पातळ फिल्मची आहेत, त्यामुळे छातीवर वहीचे प्लॅस्टिकचे आवरण बांधल्यासारखे वाटते, आणि विसाव्या धुण्याच्या आसपास ‘झाडी’ची वेलांटी सुटू लागली. पण मजकूर जसाच्या तसा आहे: डोंगार, हाटील, एकदम ओक्केमध्ये, उद्गारचिन्हाशिवाय. खोट एकच. ‘क्के’ हे जोडाक्षर जुळलेले नाही. पाय मोडलेला एक क आणि त्याच्या शेजारी सुटा के असे दोघे अंतर राखून उभे आहेत. चित्रे काढण्याच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची सोय आधी चालू करावी लागते, ती न करता देवनागरी मजकूर चिकटवला की जोडाक्षरे अशी फुटतात. दुकानांच्या फलकांवर हे रोज दिसते. गाडीवाल्याला मी ते दाखवले, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, वाचता आलं ना?” आले होते.

तेव्हा माझा निवाडा असा की कापड, शिवण आणि ग्राहकसेवा यांसाठी पहिल्या टी-शर्टला पाचांपैकी चार तारे द्यावेत आणि मजकुरासाठी त्यातले दोन काढून घ्यावेत. दुसऱ्याला मजकुरासाठी पाच आणि बाकी सर्वासाठी एक. दोहोंची सरासरी काढली तर तो तीनवर येतो. विकणाऱ्यांना सुचवायचे एवढेच की मजकूर छापण्यापूर्वी मूळ ध्वनिफीत एकदा ऐकावी. काही मिनिटांचे काम आहे.

हा निवाडा मी दिवाळीत मामांना ऐकवला होता. मामांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे चौथीला शुद्धलेखन घातले आहे आणि घरी ते जे बोलतात त्यातले एक वाक्यही त्यांनी फळ्यावर लिहू दिले नसते. दोन्ही टी-शर्ट मी सोप्यात खाटेवर पसरले. मामांनी चष्मा पुसला, पिवळा बाजूला सारला, “ह्या क चा पाय कुनी मोडला?” एवढेच विचारले आणि काळा उचलून उजेडात धरला. मग शाळेत वाचायचे तसे प्रत्येक शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचले: “काय झाडी. काय डोंगार. काय हाटील.”

“मामा, डोंगर लिहिलंय,” मी म्हणालो.

“मग मी काय वाचलं? डोंगारच की.” त्यांनी पुन्हा बोट ठेवले आणि पुन्हा तेच वाचले. “बरुबर हाय सगळं. तू चूक कुठं काढतुयास?” मग कापड दोन बोटांत धरून चुरगाळून पाहिले, खांद्याची शिवण उलटी करून फीत तपासली. “कापड झ्याक हाय. केवढ्याला पडला?”

त्यांच्यासाठी तोच टी-शर्ट मी त्याच संकेतस्थळावरून पुन्हा मागवला. दिवाळीच्या सवलतीत ३४९ ला मिळाला. माप एक्सेल घेतले.